मागचं उत्तर

कालव्यातून शेतांना पाणी नेणाऱ्या चारीची मोजणी चालू होती तेव्हा आमच्यासोबत एक वयस्कर मिस्त्री असायचे. मी नवा इंजिनिअर. आमच्या दोघांच्याही कॅल्क्युलेटरवर मागचं उत्तर आपोआप पुढं घेणारं बटण होतं. एका खुंटीच्या उंचीवरून पुढच्या खुंटीची काढायची, म्हणून मी ते दाबत सुटायचो. मिस्त्री मात्र प्रत्येक उत्तर वहीत लिहायचे, कॅल्क्युलेटरवरचे आकडे पुसायचे आणि तीच उंची ओठांत पुटपुटत पुन्हा भरायचे. मला हसू यायचं, कधी चीडही.

जिंतूरकडच्या एका गावात चारीच्या शेवटाला पोचलो, आणि आमच्या दोघांचे आकडे जुळेनात. मधे मी एक जुनी उंची सहज तपासली होती. बटणानं तीच ‘मागची’ म्हणून पुढं घेतली, आणि तिथून पुढच्या सगळ्या खुंट्या हातभर वर बसल्या.

“शेवटचीच चार शेतं आहेत मिस्त्री, चालून जाईल,” मी म्हणालो.

“नामांतराच्या दंगलीत ज्यांची घरं जळाली त्यांची शेतं हायेत ही, साहेब. पाणी चढलं न्हाई तर कुणी ‘चुकलं’ म्हणणार न्हाई. मुद्दाम केलं म्हणतील.” त्यांनी वही मिटली. “आन् त्यांनी तसं का म्हणू नये?”

भर उन्हात मिस्त्री एकेक खुंटी उपटत मागं चालू लागले. मी कॅल्क्युलेटर पिशवीत टाकला आणि मोजपट्टी उचलून त्यांच्या मागं निघालो.