तात्यांची गाडी गरम व्हायची

एकाच जीपमध्ये तीच चार माणसं रोज कोंबली की किस्से साठतातच. आमच्या जीपमध्ये होते सर, म्हणजे आमचे डॉक्टर, रक्त घेणारी सुनंदा, ड्रायव्हर तात्या, आणि नुकताच एम.एस.डब्ल्यू. झालेला, जग बदलायची घाई असलेला मी. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. जालना जिल्ह्यातल्या गावांत कॅम्प घेऊन आम्ही उतारवयाकडे झुकलेल्या पुरुषांना प्रोस्टेटच्या कॅन्सरबद्दल सांगायचो आणि ज्याला हवी त्याची रक्ततपासणी करायचो. बापाला किंवा भावाला तो झाला असेल, तर धोका जास्त. म्हणून माझा पहिला प्रश्न ठरलेला, "वडील कशानं गेले?"

*

परतूरला एका आजोबांनी उत्तर दिलं, "वयानं."

"पण आजार काय होता?"

"त्योच की. वय!"

मागून आजी कडाडल्या, "लघवी तुंबून गेले सासरे! त्यांचं सगळं मी केलं. ह्यांना काय माहीत? हे तवा गावभर फिरून राह्यलते!"

त्या दिवसापासून सरांचा हुकूम सुटला : पेशंटच्या शेजारी बायकोलाही खुर्ची!

*

तिथल्याच एका गुरुजींनी सरांना बाजूला घेतलं. "डॉक्टरसाहेब, हा आजार कोणत्या समाजात जास्त?"

सर म्हणाले, "अमेरिकेत आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत जास्त दिसतो. आपल्याकडे कुणी नीट मोजलेलंच नाही. तुम्ही जात नका सांगू, बापभावांची दुखणी सांगा."

गुरुजी हिरमुसले. "जात लगेच सांगितली असती. दुखणं म्हंजे आता घरी विचारावं लागंल!"

*

भोकरदनला एकजण म्हणाला, "माझ्या भावाला झाल्ता." मी सावरून बसलो. "सख्ख्या?"

"सख्ख्याहून जास्त! चुलत्याच्या मेव्हण्याचा पोरगा."

"मग तो नाही धरता येणार, काका."

"न्हाई धरता येत? त्याच्या दुखण्यात मी रानातलं काम टाकून बसल्तो!" जाताना तो सुनंदाला सांगून गेला, "तुमच्या ह्या साहेबाला भाऊ न्हाई वाटतं."

*

आता तात्या. पन्नाशी ओलांडलेले, कॅम्पचे सगळ्यात मोठे प्रचारक. पारावर उभे राहून ओरडायचे, "लाजू नका! जल्दी या! बिलकुल दुखत न्हाई!" स्वतः मात्र कधी हात पुढे केला नाही. "आमच्या घरात असलं काही न्हाई. आमचे आप्पा हार्टनं गेले."

आणि त्यांची गाडी गरम व्हायची. दर थोड्या अंतराला जीप थांबे, तात्या बॉनेट उघडून ठेवत आणि बाभळीआड जात. परत आले की इंजिन थंड!

जानेवारीच्या कडाक्यातही गाडी गरम झाली, तेव्हा माझा संयम सुटला. "तात्या, गाडी ठीक आहे. तुम्ही तपासून घ्या!"

"पोरा," तात्या शांतपणे म्हणाले, "तू समाजसेवा कर. मेकॅनिक होऊ नको."

 सरांनीही त्यांना दोनदा समजावून पाहिलं होतं.

*

मग पिंपळगाव रेणुकाईचा कॅम्प. एक किडकिडीत म्हातारी आपल्या पन्नाशीच्या मुलाला घेऊन आली. तात्यांनी धावत जाऊन तिला खुर्ची दिली. "सर, ही आमची काकू. हा माझा चुलतभाऊ."

मी मुलाला विचारलं, "वडील कशानं गेले?"

उत्तर म्हातारीनंच दिलं. "ह्याच कॅन्सरनं. औरंगाबादच्या डॉक्टरांनी तसंच सांगितल्तं."

सुनंदानं मुलाचं रक्त घेतलं. तेवढा वेळ म्हातारी भिंतीकडे तोंड करून बसली. मग वळली आणि तात्यांकडे बोट केलं. "आता ह्याचं घ्या."

"काकू, माझं कशाला? माझे आप्पा हार्टनं गेले."

"आप्पांनी दत्तक घेतलं तुला. तान्हा व्हतास, मीच त्यांच्या मांडीवर दिलं. जलम कुनाच्या पोटी झाला?"

दत्तक गेलेल्यानं जन्मदातीला काकूच म्हणायचं, ही त्या घरातली रीत. तात्यांनी ती पन्नास वर्षं पाळलेली.

"तसं म्हनू ने, काकू," तात्या हळूच म्हणाले. "आप्पांना काय वाटंल?"

"आप्पा असते तर त्यांनीच तुला धरून आणलं असतं."

तात्या जीपची किल्ली बोटांत फिरवत उभे राहिले. मग ती टेबलावर ठेवली, खुर्चीत बसले आणि बाही वर सारली. सुनंदानं दंडाला रबर बांधला. म्हातारी या वेळी भिंतीकडे वळली नाही.

"तिकडं बघ, आई," तात्या म्हणाले. "सुई बघितली की तुला चक्कर येती."