गोठ्यातली शेळी

आमच्या आळीने यंदाही चर्चच्या अंगणात नाताळचा गोठा उभारलाय. प्लास्टरची गाय, प्लास्टरच्या मेंढ्या, मोटारीवर चालणारा धबधबा आणि मधोमध पेंढा घातलेली रिकामी गव्हाण. बाळ येशूची मूर्ती तिच्यात रात्रीच्या मिस्सेच्या प्रार्थनेला ठेवायची.

आज सकाळी एक खरीखुरी शेळी आत शिरली आणि गव्हाणीतला पेंढा खाऊ लागली. मी हरखून बघत राहिले. तेवढ्यात सजावट करणारा रॉबर्ट काठी घेऊन धावला.

"अरे, मारतोस काय तिला? गोठाच आहे ना हा?"

"मावशी, आत्ता गोठ्यांच्या स्पर्धेचे परीक्षक येतील. आपला नंबर जाईल!"

शेळीच्या पाठीत काठी बसली आणि माझं डोकं फिरलं. गव्हाण म्हणजे जनावराचं ताट. येशूच्या आईला बाळंतपणासाठी माणसांनी जागा नाही म्हणून सांगितलं, तेव्हा देवाने त्या उष्ट्या ताटात अंग टाकलं. माझा सगळा विश्वास तेवढ्यावर उभा आहे. आणि आम्हाला गोठा हवा, पण शेण नको, वास नको, कुणाची भूक तर नकोच नको! असल्या गोठ्यात मूर्ती ठेवता येते, जन्म होत नाही कुणाचा.

मी गव्हाणीतला उरलेला पेंढा कवेत घेतला.

"मावशी, काय करताय? ठेवा तो!" रॉबर्ट ओरडला.

"तुझा नंबर तुला लखलाभ."

शेळी फाटकाबाहेर थरथरत उभी होती. तिच्यापुढे पेंढा टाकला आणि तिथेच उभ्याने क्रुसाची खूण केली.