तात्यांनी माझ्या चाकात पाणी भरलं

मंडळी, राग अजून उतरलेला नाही. बारामतीच्या सायबर कॅफेतून ही मेल आपल्या मोटारसायकलवाल्यांच्या ग्रुपवर टाकतोय.

आज सकाळी माळेगावात घरीच मोटारसायकलचा मागचा टायर बदलला. माझ्या गाडीला चेन नाही, चाक फिरवणारा लोखंडी दांडा, म्हणजे शाफ्ट आहे, त्यामुळं इथला एकही पंक्चरवाला त्या चाकाला हात लावत नाही. तीन तास खपलो. चाक शाफ्टच्या दात्यांतून सोडवलं, जुना टायर काढला, नवा चढवला. बोटांची सालटी निघाली. फक्त हवा भरायची राहिली, म्हणून जेवायला आत गेलो.

बाहेर आलो तर चाक टम्म! आमचे चुलते, तात्या, म्हणाले, "भरून ठिवलंय."

चाक उचलताना जड लागलं, पण वाटलं आपणच दमलोय. बसवलं, निघालो. पहिल्याच वळणावर ते असं डचमळलं की मी गाडीसकट उसात! गाडी ढकलत घरी आणली आणि विचारलं,

"तात्या, हवाच भरली ना?"

"हवा कशाला? पाणी भरलं. ट्रॅक्टरला भरतोच की. जड चाक घसरत न्हाय. मागल्या म्हैन्यात घसरून पडलास, इसरलास व्हय?"

आता सगळं पुन्हा खोला! आणि उद्या आईला मागं बसवून इंदापूरला न्यायचंय. एवढ्या मायेनं केलेल्या घाणीवर माणसानं शिव्या तरी कशा द्यायच्या?

गाडी खोलताना तुम्ही घरातल्या अशा माणसांना कुठं धाडता? लगेच कळवा. मी तात्यांच्याच ट्रॅक्टरवरून आलोय. ते शेजारी बसलेत आणि विचारतायत, "पुढच्या चाकात कधी भरायचं?"