पाण्यावर तरंगलेला थेंब

गांगुर्डे मिस्त्री गेल्याचं मला तीन दिवसांनी कळलं, तेही गाडीचे ब्रेक दाखवायला द्वारका चौकाजवळच्या त्यांच्या गॅरेजवर गेलो म्हणून. शटर खाली होतं. शेजारच्या टायरवाल्याने सांगितलं, आणि मी किल्ली हातात धरून तसाच उभा राहिलो... याला आता महिना झाला.

नव्वदच्या दशकात मी जुनी गाडी घेतली आणि या माणसाच्या नादी लागलो. ब्रेकची तक्रार आली, की ते आधी चाक कधीच खोलत नसत. चप्पल काढून ड्रायव्हरच्या सीटवर बसायचे आणि अनवाणी पायाने पेडल दाबायचे. मऊ लागलं आणि चार-पाचदा मारल्यावर घट्ट झालं, तर पाइपात हवा. दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली जात राहिलं आणि बाहेर कुठे गळती नसली, तर मास्टर सिलिंडरमधलं, म्हणजे चारही चाकांना दाब पोचवणाऱ्या मुख्य पंपातलं, रबर गेलेलं. मी स्टुलावर बसून हजार प्रश्न विचारायचो. कारकुनाला या चौकशा कशाला, असं ते कधी म्हणाले नाहीत. उलट माझाच पाय पेडलवर ठेवायला लावायचे.

एवढं ज्ञान मिळाल्यावर मला शिंगं फुटणारच. एकदा ब्रेक ऑइल कमी दिसलं, म्हणून घरात उरलेलं इंजिन ऑइल मी बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीत ओतलं. काही दिवसांत गाडी जड चालू लागली, चाकं तापू लागली. मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेऊन एकेक चाक फिरवून पाहिलं. चारही जाम. “एका चाकाचं दुखणं नाय हे. वरच कायतरी हाय,” म्हणाले. मग डबीचं झाकण उघडून त्यांनी विचारलं, “साहेब, यात कोणी काय टाकलं का?” टायरवाला ऐकत होता. मी सरळ “नाही” म्हणालो. त्यांनी डबीतला एक थेंब पाण्याच्या ग्लासात सोडला. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं; हा थेंब मजेत वर तरंगत राहिला... “पंपावर कोणी टाकलं असंल,” एवढंच बोलून ते इंजिन ऑइलने फुगलेली ब्रेकची रबरं काढायला लागले. मी सुटलो, असं तेव्हा वाटलं. पुढे मात्र ते खोटं फार टोचायचं. माझ्या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला मी फसवलं होतं, आणि दर वेळी सांगू सांगू म्हणत राहून गेलं.

मागच्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो आणि वहिनींपुढे सगळं कबूल केलं. त्यांना काहीच नवल वाटलं नाही.

“ठाव होतं त्यांना. त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं होतं.”

“मग मला का नाही बोलले?”

“मी बी तेच इचारलं. तर म्हणाले, साहेब लाजला तर परत यायचा नाय. ब्रेक बिघडले तरी तशीच गाडी चालवंल, लेकरांना घेऊन.”

त्या प्रसंगानंतर बारा वर्षं, ब्रेक जरा जरी वेगळा लागला, तरी मी त्यांच्याकडेच जात होतो.