केसभर न वाकलेला बंपर

लग्न होऊन पिंपळवंडीला येताना आमची बैलगाडी कुकडी नदीच्या वाळूत रुतली, त्यात पाणी वाढू लागलं. सगळे उतरले, मी मात्र शालू भिजेल म्हणून राणीसारखी बसून राहिले.

काठावर लष्कराच्या लिलावातला एक ट्रक थांबला. ड्रायव्हरनं पुढच्या बंपरवरच्या विंचची, म्हणजे ओढायच्या रहाटाची, तार आणून आमच्या गाडीला बांधली. सासरे माझ्यावर ओरडले, तर तो म्हणाला, "बसू द्या, पावणं. माझ्या ट्रकनं लढाईत तोफा वढल्यात, नवरीचं काय घिऊन बसलात?"

गाडी माझ्यासकट वर आली. आता हा माझ्याकडं बघणार म्हणून मी पदर सावरला. तो बंपरवर हात फिरवत होता.

"जुन्नरात सोता उभं राहून बंपरला लोखंडी पट्टी जोडून घेतलीय. केसभर वाकला न्हाई."

मी दोन दिवस फुगून होते. आज म्हणते, बरोबर केलं त्यानं. त्या वाटेनं नवऱ्या ढिगानं यायच्या. तसा बंपर साऱ्या तालुक्यात एकच होता.