दारावरचा सव्वीस

रिटायर पोलिसानं ‘एक केस आठवते’ असं नुसतं म्हटलं तरी ऐकणारा खुर्ची पुढं ओढतो. त्याला मुडदा पाहिजे असतो. निदान दरोडा तरी. म्हणून आधीच सांगून टाकतो, ह्या केसमध्ये रक्ताचा थेंब नाही, पळापळ नाही, आणि ज्या चोरीच्या गाडीमागं आम्ही धावलो ती गाडी कुणाची चोरीला गेलेलीच नव्हती. खुर्ची मागं घ्यायची तर घ्या. पण एवढ्या नोकरीत मनातून हलत नाही ती हीच केस. नाव कुणाचंच सांगणार नाही, गाडीच्या कंपनीचंसुद्धा.

मी तेव्हा परभणीच्या एका ठाण्यात फौजदार होतो. माझी एक खोड अख्ख्या जिल्ह्याला माहीत होती. नकला. एसपी साहेबांचा आवाज मी असा काढायचो की ठाणे अंमलदार बसल्या जागी टोपी शोधायचा. नक्कल म्हणजे काय हे मला पाचवीपासून कळत होतं, त्यासाठी गुरुजींचा मारही खाल्ला होता. माणसाचं चांगलं उचलून नक्कल जमत नाही, त्याचं वाकडं उचलावं लागतं. साहेब ‘बघा’ म्हणायच्या आधी नाकानं हवा ओढायचे. ती ओढली नाही तर साहेब उभे राहत नाहीत. हे ध्यानात ठेवा, पुढं कामाला येईल.

खबर आणली ती जुन्या गाड्यांची दलाली करणाऱ्या एका एजंटानं. खुर्चीच्या टोकावर बसून तो हळू आवाजात म्हणाला, “साहेब, पोखर्णी रोडच्या एका शेडमधी एक मिस्त्री गाडी बनवायलाय. चासी नंबर खाल्लेला, नंबर प्लेट खोटी. लय मोठं रॅकेट निघंल.”

“तुला कसं कळलं?”

“म्या बघितली ना. दोनदा मागितली. देईना.”

खबर देणाऱ्याचं पोट नेमकं कुठं दुखतंय ते आधी तपासावं, हे मी नव्या पोरांना शिकवायचो. त्या दिवशी स्वतः विसरलो. रॅकेट हा शब्द कानावर पडला की फौजदाराला डोळ्यापुढं पेपरातला आपला फोटो दिसायला लागतो.

स्टेशन डायरीला नोंद केली, दोन पंच घेतले आणि दुपारी शेडवर गेलो. मिस्त्री एकटाच होता. साठीच्या पुढचा, बारीक, हाताची बोटं ग्रीसनं काळी. मधोमध गाडी उभी. जुन्या काळची छोटी मोटार, आपल्याकडं लग्नात नवरदेव बसायचा तसली. पण हिच्यापुढं चार मोठे दिवे ओळीनं लावलेले. बॉनेटला चामड्याचा पट्टा. आत दोनच सीट आणि डोक्यावर लोखंडी पाइपांचा सांगाडा. दोन्ही दारांवर पांढरा गोल आणि त्यात काळा सव्वीस. तो आकडासुद्धा धड नव्हता, सहाचं पोट जरा खाली लोंबत होतं.

“गाडी कुणाची?”

“बनवलेली हाय, साब.”

“कुणासाठी?”

मिस्त्री गप्प.

नंबर प्लेटवरचा नंबर आरटीओला विचारला. त्या नंबरची गाडी फार वर्षांपूर्वी भंगारात निघालेली, नोंद रद्द. चासी नंबरचे तीनच आकडे गंजातून वाचता येत होते. मला एवढं पुरे होतं. पंचनामा केला, गाडी जप्त केली, टोचन लावून ठाण्यात आणली.

आता आमची एक पद्धत सांगतो. मुद्देमाल म्हणून जमा झालेल्या गाडीवर गुन्हा नंबर रंगवून ठेवतात, म्हणजे आवारातल्या शंभर गाड्यांत ती सापडते. हवालदार डबा-ब्रश घेऊन आला आणि म्हणाला, “साहेब, काचेवर टाकू?”

मी म्हणालो, “काच फुटली तर नंबर जाईल. दारावर टाक.”

“दारावर पांढरा गोल तयारच हाय, साहेब. आपल्यासाठीच केल्यावानी.”

आम्ही दोघं हसलो. त्यानं उजव्या दारावरचा सव्वीस पांढऱ्या ऑइलपेंटनं झाकला आणि वर तांबड्या रंगात आमचा नंबर लिहिला, वर्षासकट. मिस्त्री सहीसाठी तिथंच उभा होता. ब्रश दाराला लागला तसा तो मटकन खाली बसला. मी मनात नोंद केली, आरोपी हबकला. माणसाचा चेहरा वाचता येतो असा मला त्या काळात फार भरवसा होता.

नोटीस देऊन त्याला चौकशीला बोलवायला लागलो. तीन दिवस तो सकाळी दहाला येऊन बाकावर बसायचा. डबा आणायचा, जेवून डबा धुवायचा, परत बसायचा.

“सुटे भाग कुठून आणले?”

“भंगारातून.”

“कुणाच्या?”

“ते न्हाई सांगत. तुमी त्यांच्या दुकानाला कुलूप लावाल.”

“मग गाडी कुणासाठी ते सांग.”

परत गप्प. मी आवाज चढवला, टेबल वाजवलं, गोडीनं बोललो. काही नाही. खोटं बोलणारा माणूस फार वेळ गप्प बसू शकत नाही, त्याला स्वतःचं खोटं दुरुस्त करायची घाई असते. ह्याला कसलीच घाई नव्हती. तिसऱ्या दिवशी जाताना मात्र त्यानंच विचारलं, “साब, गाडी उन्हात हाय का सावलीत?”

“तुला काय करायचंय?”

“रंग कच्चा हाय अजून.”

पकडलेल्या चोराला वकिलाची काळजी असते, जामिनाची असते. रंगाची काळजी असलेला चोर मी पहिल्यांदाच बघत होतो. चौथ्या दिवशी सकाळी हजेरी झाल्यावर आवारात गेलो. आमच्या आवारात आलेली गाडी दोन पावसाळ्यांत झाड होते. एका रिक्षातून एरंड वर आला होता, मोटारसायकलींवर वेल चढले होते. त्यांच्यात ती गाडी उन्हात उभी होती.

पहिल्यांदाच मी तिच्याकडं नीट बघितलं. डाव्या मडगार्डला तळहाताएवढा पोचा होता. हात फिरवला तर त्या पोच्यावर रंग अखंड. आतून बोट घातलं तर पत्रा कोरा, नवा. म्हणजे गाडी कुठं आदळली नव्हती. कुणीतरी नवा पत्रा बसवला होता, मापानं ठोकून त्याला पोचा पाडला होता आणि मग त्यावर रंग दिला होता.

चोर पोचा काढतो. नवाकोरा पत्रा घेऊन त्यात पोचा घालणारा माणूस चोर नसतो. मी तिथंच उभा राहिलो. हवा नाकानं ओढल्याशिवाय साहेब उभे राहत नाहीत, हे ज्याला कळतं त्यालाच हे सुचणार. हा माझ्याच धंद्यातला माणूस होता. फरक एवढाच की मी लोकांना हसवायला नकला करत होतो.

दोन कप चहा सांगितला. कागद-पेन बाजूला ठेवलं आणि बाकावर त्याच्याशेजारी जाऊन बसलो.

“मिस्त्री, डाव्या मडगार्डला काय लागलं होतं?”

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, “म्हैस.”

“कुठं?”

“गंगाखेडच्या अलीकडं. रॅलीला निघालो त्याच दिवशी. मालक म्हनले, राहू दे, नजर लागायची न्हाई.”

मग तो बोलला. हे मालक म्हणजे गंगाखेडच्या एका बागायतदाराचा मुलगा, चाळीस वर्षांपूर्वी लांब पल्ल्याच्या मोटार रॅलीत उतरलेला. आपल्या भागातून तोवर तसं कुणी गेलेलं मिस्त्रीला माहीत नव्हतं. पान्हे सांभाळायला हा मिस्त्री, तेव्हा वीस-बावीसचा. नंबर काही आला नाही, पण गाडी शेवटपर्यंत गेली. पुढच्या वर्षी घाटात ती दरीत कोसळली. माणसं वाचली, गाडी भंगारात गेली. प्लेटवरचा नंबर तिचाच. आता मालकांचे डोळे साखरेनं खाल्ले होते. एक गेलेला, दुसऱ्यात थोडा उजेड शिल्लक, तोही थोड्या आठवड्यांचा, असं डॉक्टर म्हणाले होते. मालकांची बायको, शाळेतून रिटायर झालेल्या बाई, एक जुना फोटो घेऊन मिस्त्रीकडं आल्या. ह्यांना दिसतंय तोवर ती गाडी एकदा दाखवायची. त्यांना मात्र आधी कळू द्यायचं नाही.

“फोटोत डावीच बाजू हाय. उजवी म्या डोक्यातून काढली,” मिस्त्री म्हणाला.

“आणि दारावरचा सव्वीस?”

“त्यो बाईंच्या हातचा. तवाबी त्यांनीच काढला होता, आन् आताबी. सहाचं पोट तवा वघळलं होतं. ह्या खेपेला मुद्दाम वघळवलं.”

माझा चहा तसाच राहिला. “किती काम बाकी होतं?”

“कायबी न्हाई. तुमी आलात त्याच्या परवा न्यायची होती.”

“मग पहिल्याच दिवशी बोलला का नाहीत?”

“बाईंना शब्द दिला होता. आन् तुमी चौकशीला त्यांच्या घरी गेला असता. मालकानं शेवटचं काय बघायचं साब, पोलिसाची जीप?”

पुढचं सगळं मी पळत केलं. मिस्त्रीनं आता पत्ता दिला तसा पोखर्णीला जाऊन ज्याच्या शेतातल्या आखाड्यावरून गाडीचा सांगाडा आणला होता तो शेतकरी शोधला. त्याची बायको म्हणाली, “कोंबड्या अंडी घालायच्या त्यात. मिस्त्रीनं नेली आन् बदल्यात आमची जळलेली मोटार भरून दिली, विहिरीवरली.” जबाब घेतला. घरातल्या पत्र्याच्या पेटीतून गाडीचं जुनं बुक निघालं, चासीचे तीन आकडे जुळले. आता आरटीओचा तपासणी अहवाल पाहिजे होता. तो महिनाभर येत नसतो. मी फोन उचलला, नाकानं हवा ओढली आणि एसपी साहेबांच्या आवाजात म्हणालो, “बघा, ह्या आठवड्यात अहवाल पाहिजे.” अहवाल संध्याकाळी आला.

तो का आला हे साहेबांना चार दिवसांनी कळलं. त्यांनी मला उभं करून काय झापलं ते इथं सांगण्यासारखं नाही. शेवटी फक्त एवढंच विचारलं, “मी खरंच असं नाक ओढतो?” मी म्हणालो, “नाही सर.” नोकरीत बोललेलं ते माझं सर्वांत सरळ खोटं.

पण कोर्ट माझ्या आवाजानं हलत नाही. जप्त करणं एका दुपारचं काम असतं, कागद आपल्या हातात असतो. सोडायचा कागद दुसऱ्याच्या हातात. अर्ज, सरकारी वकिलाचं म्हणणं, तारीख, मग सुट्ट्या, मग परत तारीख. गाडीवर मी ताडपत्री टाकली आणि रोज हजेरीच्या आधी एकदा बघून येऊ लागलो. सुपूर्तनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करू अशा हमीवर, गाडी सुटली तेव्हा सात आठवडे झाले होते. अट अशी की खोटी प्लेट काढायची आणि रस्त्यावर चालवायची नाही.

मालकांचा दुसरा डोळा त्याच्या तीन आठवडे आधी गेला.

ह्या केसनं काय शिकवलं, असं लोक विचारतात. कायद्यानं मी चुकलो नव्हतो. नंबर प्लेट खोटी होती, संशयाला जागा होती, कुणीही तेच केलं असतं. शिकलो ते एवढंच की एखाद्या वस्तूवर आपला नंबर टाकायच्या आधी तिच्यावर काय लिहिलंय ते वाचावं. आणि पहिल्या दिवशी जे हात लावून कळलं असतं ते चौथ्या दिवसावर ढकलू नये. चौथ्या दिवशी पहिल्या दिवसाचे कागद पुढं निघून गेलेले असतात.

गाडी टेम्पोवर घालून आम्ही गंगाखेडला नेली. मी साध्या कपड्यांत होतो. रंग खरवडला जाईल म्हणून दारावरचा आमचा नंबर मिस्त्रीनं मला पुसू दिला नाही. “बाई सांगतील तसं करू,” म्हणाला.

मालक अंगणात आले. उंच माणूस, हात पुढं करून चालणारा. मिस्त्रीनं इंजिन चालू केलं तसे ते जागीच थांबले. मान तिरपी करून ऐकत राहिले. कुणीच काही सांगितलं नाही. मग त्यांनी बॉनेटचा पट्टा चाचपला, एकेक दिवा मोजला, डाव्या मडगार्डवर हात आणला आणि पोच्यात तळहात ठेवला. तो बरोबर बसला.

“म्हैस,” ते म्हणाले, आणि तोंड फिरवून घेतलं.

गाडीला वळसा घालून ते उजव्या दाराशी आले. बोटं गोलावरून फिरली आणि थांबली. थरावर थर, कडा वर आलेल्या.

“हे काय हाय?”

मिस्त्री म्हणाला, “उन्हानं रंग फुगला, मालक.”

मला ते सहन झालं नाही. म्हणालो, “उन्हानं नाही. मी फौजदार आहे. गाडी मी पकडली होती. दारावर गुन्हा नंबर मीच टाकायला लावला.”

मालकांनी हात दारावरून काढून घेतला. बोलल्या त्या बाई. पायरीवरून खाली आल्या, हातात काळ्या-पांढऱ्या रंगाचे दोन छोटे डबे आणि ब्रश. आवाज चढवला नाही. चाळीस पोरांच्या वर्गात मागच्या बाकावरच्या एकालाच ऐकू जावं तसं बोलल्या.

“तुम्हाला वाचता येतं ना?”

“येतं बाई.”

“मग दारावर काय लिहिलं होतं?”

“सव्वीस.”

“आणि तुम्ही त्यावर पांढरं फासलं. विचारलं का कुणाला, हा आकडा कुणी काढला म्हणून?”

“नाही.”

“ह्यांना अंगणातली तुळस दिसत होती तेव्हा. माझं कुंकू दिसत होतं. महिनाभर आधी आला असता तर एवढी मोठी गाडी दिसली नसती? मी काय मागितलं होतं, फौजदार साहेब? एक दिवस मागितला होता. तो तुम्ही तुमच्या आवारात उन्हात उभा केला. सॉरी म्हणू नका. ते म्हणायला लय सोपं असतं, शाळेत रोज ऐकलंय मी.”

मी म्हणणारच होतो.

त्यांनी ओला पॉलिशपेपर माझ्या हातात दिला. तासभर मी आमचा नंबर घासत बसलो. तांबडा गेला, वर्ष गेलं, पांढरा थर निघाला, त्याच्यासोबत खालचा सव्वीसही. बाईंनी गोल परत भरला आणि तो वाळेपर्यंत आम्ही अंगणातच थांबलो. मग त्यांनी काळ्या रंगाचा डबा मला धरायला दिला, मालकांचा हात आपल्या मनगटावर ठेवून घेतला आणि सव्वीस काढायला लागल्या. दोन झाला. सहाला आल्यावर मालकांच्या हाताचं वजन पडलं आणि पोट आपोआप खाली वघळलं. ह्या वेळेला मुद्दाम काही करावं लागलं नाही.

माझं लक्ष त्या दोन हातांकडं होतं.

“डबा सरळ धरा,” बाई मागं न बघता म्हणाल्या. “सांडायलाय. एवढं तरी नीट करा.”