रेणूच्या पाठवणीची गाडी

शोभाताई गाडीत गिऱ्हाइकाच्या शेजारी बसायच्या, "चालवा" म्हणायच्या आणि डोळे मिटून घ्यायच्या. नवख्याला वाटे, बाईंना चक्कर आली की काय! त्या फक्त ऐकत असायच्या. प्रतापनगरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी गाड्यांचे दोष शोधले. मी त्यांचा सहकारी. ताईंचे वडील उमरेडचे विणकर. हातमागाच्या खटखटीत वाढलेल्या ताईंना दुपारी वर्कशॉप शांत झाले की करमत नसे.

गाडीला स्कॅनर जोडला की पडद्यावर दोषाचे नाव उमटते. आम्ही लगेच नवा पार्ट मागवायला निघायचो. त्या अडवायच्या. "मशीननं फक्त घर दाखवलं गा. घरात कोण आजारी आहे, ते आपल्यालेच पाहा लागते."

त्यांच्या लेकीचे, रेणूचे लग्न ठरले, तेव्हा होणाऱ्या विहीणबाईंनी हळूच सुचवले होते, "लग्नात तेवढं गॅरेजचं काही काढू नका जी." ताई मनापासून हसल्या. "नाही काढत. नुसती मिरवीन!"

लग्नाच्या दिवशी महामार्गालगतच्या मंगल कार्यालयात नवरदेवाची गाडी उमरेडहून रांगत आली. गावात ठीक होती. महामार्गावर मात्र वेगच घेईना. मागचे ट्रक हॉर्न वाजवून जीव खात होते. संध्याकाळी त्याच गाडीतून रेणू सासरी जाणार होती आणि लग्नसराईत दुसरी गाडी मिळेना. ताईंचा चेहरा उतरला. ट्रकला मागे टाकताना गाडीचा दम तुटला तर काय होते, हे त्यांना चांगले ठाऊक होते.

पंगत उठताच त्यांनी शालूचा पदर खोचला आणि विचारले, "विहीणबाई, काढू काय आता गॅरेजचं?"

"काढा जी, काढा!" विहीणबाई म्हणाल्या आणि ताईंच्या पाटल्या उतरवून त्यांनी स्वतःच्या हातात चढवल्या.

माझ्या गाडीतला स्कॅनर लावला. व्हॉल्व्ह लिफ्टचा दोष. "सोलेनॉइड गेला, ताई," मी म्हणालो. म्हणजे व्हॉल्व्हकडे ऑइल सोडणारा विजेचा खटका.

ताई विहीणबाईंकडे वळल्या. "हळू चालताना आपण नाकानं श्वास घेतो, पयताना तोंड उघडतो. इंजिनचंही तसंच. वेगात व्हॉल्व्ह जास्त उघडा लागतात, अन् ते उघडते ऑइलच्या दाबानं. हिचे उघडून नाही राहिले."

त्यांनी ऑइल मोजायची पट्टी ओढून पाहिली. ऑइल कमी, तेही डांबरासारखे काळे. "लग्नाच्या गडबडीत सर्व्हिसिंग राहून गेली," जावई पुटपुटले.

ताईंनी सोलेनॉइड काढून बॅटरीला लावला. टिक! "जिवंत आहे हा! बिचाऱ्यावर उगाच आळ." त्याच्या तोंडाशी बारीक जाळी होती, ती गाळाने पार बुजली होती. त्यांनी ती धुऊन लख्ख केली. मी गाडीखाली शिरून केटररच्या रिकाम्या डब्यात जुने ऑइल उतरवले, वर्कशॉपमधून मागवलेला फिल्टर बसवला, नवे ऑइल भरले. इंजिनच्या बिघाडाचा दिवा विझला. पण खरी परीक्षा वेगातच होणार होती, आणि वडीलधाऱ्यांनी पाठवणीची घाई लावली.

रेणू रडली, मावश्या रडल्या. ताईंच्या डोळ्यांत टिपूस नव्हते. लेकीला गाडीत बसवून त्या कार्यालयाच्या फाटकाबाहेर येऊन उभ्या राहिल्या. गाडी महामार्गाला लागली. पुढे एक ट्रक होता. जावयांनी गाडी बाजूला घेतली आणि तिचा आवाज एकदम भरला, मोकळा झाला. ट्रक मागे पडला.

"उघडले!" ताई ओरडल्या. "उघडले गा!"

"उघडले जी!" विहीणबाईंनी टाळी वाजवली.

मग त्यांच्या गळ्यात पडून ताई पोटभर रडल्या.